आधी काय, नंतर काय : कणाच्या आतल्या रचनेविषयी

भिंतीला लावलेल्या इमल्शन पेंटचा पांढरेपणा मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो. पण बाजारातल्या बऱ्याच पेंटांत त्या पांढरेपणाचा एक हिस्सा निव्वळ हवेचा असतो. ही हवा चुकून राहिलेली नसते. पॉलिस्टायरीनच्या बारीक गोळ्यांत ती मुद्दाम कोंडलेली असते. गोळ्याचा व्यास साधारण ४०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे अडीच हजार गोळे ओळीने बसतील. हवेचा अपवर्तनांक १, पॉलिस्टायरीनचा १.५९, दोघांच्या सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. रुटाइल जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास असल्यामुळे तो हे काम कितीतरी चोख करतो, पण तो महाग, जड आणि तयार व्हायला भरपूर ऊर्जा खाणारा. त्यातला थोडा काढून त्याजागी पोकळ गोळे घातले, तरी भिंत झाकली जायची ती जातेच आणि पैसे वाचतात.

रोम अँड हास या अमेरिकी कंपनीने १९८० च्या दशकात 'रोपेक' या नावाने असा माल विकायला सुरुवात केली. त्यामागच्या मूळ पेटंटांपैकी एक १९८४ सालचं, अलेक्झांडर कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. कृती वाचताना साधी वाटते. आधी पाण्यात मेथॅक्रिलिक आम्ल असलेल्या पॉलिमरचे छोटे कण तयार करायचे. मग त्यांच्यावर स्टायरीनचं कडक कवच चढवायचं. कवच अजून गरम आणि थोडं लवचीक आहे तोवर अमोनिया सोडायचा. अमोनिया कवचातून झिरपून आत पोचतो, तिथल्या आम्लाला भार येतो, आम्ल पाणी खेचून घेतं, गाभा फुगतो आणि कवचाला आतून ताणतो. मग गार करायचं. कवच त्याच ताणलेल्या अवस्थेत कडक होतं. पेंट भिंतीवर वाळतो तेव्हा आतलं पाणी कवचातून निघून जातं, कवच मात्र चेपत नाही. पाण्याची जागा हवा घेते.

आता हाच सगळा माल एकदम एका भांड्यात ओता. तेच आम्ल, तेच स्टायरीन, तोच अमोनिया, वजनं तंतोतंत तीच. पोकळ गोळा मिळणार नाही. कदाचित गाठी मिळतील, कदाचित बेरूप कणांचा पांढरा द्रव. अमोनिया अर्धा तास आधी घातला, तर कवच पुरतं बसण्याआधीच गाभा फुटून बाहेर येईल. भांडं गार झाल्यावर घातला, तर काहीच होणार नाही. कशात काय घालायचं याची यादी कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडते. कधी घालायचं, किती वेगाने घालायचं आणि नेमकं कुठे थांबायचं, हे सहसा सापडत नाही. पुढची प्रकरणं त्यासाठी लिहिली आहेत.

'नॅनो' या अक्षरांना गेल्या पंचवीस वर्षांत एवढा भाव आला, की साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्यांवर ती चिकटवली गेली. लहान असण्यात विशेष कौशल्य नाही. काजळीचे कण नॅनोमीटरमध्येच मोजावे लागतात आणि त्यासाठी कुणाला संशोधक व्हावं लागत नाही. लहान कणाच्या आत, आपल्याला हवी तशी, दोन-तीन निरनिराळ्या पदार्थांची मांडणी करणं मात्र अवघड. तिथे हात पोचत नाही, हत्यार पोचत नाही, घडवणाऱ्याला एकही कण वेगळा हाताळता येत नाही. १०० नॅनोमीटरचे कण असलेलं, अर्धं पाणी आणि अर्धं पॉलिमर असं लेटेक्स घेतलं, तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाख अब्जांच्या आसपास कण असतात. त्या लेटेक्सच्या एका लिटरातल्या कणांचा पृष्ठभाग मोजला तर तीस हजार चौरस मीटर भरतो, सात एकरांहून जास्त. एवढा पृष्ठभाग एका बाटलीत असेल, तर त्या बाटलीत जे काही घडतं ते पृष्ठभागच ठरवतो. हा आकडा वाचकाने मनात ठेवावा. पुढे बऱ्याच कोड्यांचं उत्तर त्यातून निघतं.

या विद्येची सुरुवात टायरांपासून झाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती गेलं आणि मलायातलं नैसर्गिक रबर दोस्तराष्ट्रांना मिळेनासं झालं. अमेरिकेने सरकारी खर्चाने कृत्रिम रबराचे कारखाने उभे केले. ब्यूटाडाइन तीन भाग, स्टायरीन एक भाग, साबणाचं पाणी, परसल्फेट आणि मरकॅप्टन, ५० अंश सेल्सियस. साबणाच्या पाण्यात मोनोमर घुसळून रबर होतं हे जर्मनांनाही ठाऊक होतं. पण होतं कसं, कण नेमका कुठे जन्मतो, याचा उलगडा युद्धाच्या काळातल्या कामातून झाला आणि नंतर छापून आला. विल्यम हार्किन्स यांनी १९४७ मध्ये मांडलं, की मोनोमरचे मोठे थेंब हे फक्त कोठार आहेत. कण जन्मतात ते साबणाच्या रेणूंच्या इवल्या झुबक्यांत, ज्यांना मायसेल म्हणतात. कारण पुन्हा पृष्ठभागच. एका मिलिलिटरमध्ये थेंब काही अब्ज, मायसेल त्यांच्या कित्येक कोटी पट. परसल्फेटपासून निघून पाण्यात भटकणाऱ्या रॅडिकलची गाठ थेंबाशी पडणार की मायसेलशी, याचा हिशेब सांगायलाच नको.

पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, स्मिथ आणि युअर्ट यांनी त्याचं गणित मांडलं. कणांची संख्या साबणाच्या प्रमाणाच्या ०.६ घाताने आणि इनिशिएटरच्या, म्हणजे इथे परसल्फेटच्या, ०.४ घाताने वाढते. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत आवडणारा भाग दुसरा आहे. एका कणात एक रॅडिकल शिरला की साखळी वाढू लागते; दुसरा शिरला की दोघं एकमेकांना संपवतात आणि कण झोपतो; तिसरा आला की पुन्हा जागा होतो. म्हणून कोणत्याही क्षणी एका कणात सरासरी अर्धा रॅडिकल असतो. हा अर्धा विद्यार्थ्यांना फार छळतो. पण साबणाच्या पाण्यातल्या या इमल्शन पद्धतीची सगळी ताकद त्यातच आहे. साधारण पॉलिमरीकरणात वेग वाढवला की साखळ्या आखूड होतात. इथे प्रत्येक रॅडिकल आपापल्या कणात एकटा कोंडलेला असल्याने वेगही मिळतो आणि लांब साखळ्याही. युद्धकाळात टायर बनवणाऱ्यांना दोन्ही हवं होतं.

हे सगळं एकजिनसी कणाविषयी झालं. दोन पदार्थ आले की खरी गंमत सुरू होते.

गाभा आणि कवच म्हटलं की प्रत्येकाच्या मनात मोदक उभा राहतो: आत सारण, बाहेर पारी. चित्र म्हणून ते वाईट नाही, फक्त मोदकाचं सारण रात्रीतून आपोआप पारीबाहेर येत नाही. कणात असं होतं. समजा, तुम्ही आधी पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटचे बी-कण तयार केले आणि मग त्यांच्यावर स्टायरीन घालून कवच चढवायला गेलात. नंतर घातलेलं बाहेर बसेल, ही आपली समजूत. पण भोवती पाणी आहे आणि दोघांपैकी पाण्याशी जास्त वैर पॉलिस्टायरीनचं. त्याला आत जायचं असतं आणि मेथॅक्रिलेटला बाहेर राहणं परवडतं. मोकळीक मिळाली तर कण उलटतो: नंतर आलेलं स्टायरीन गाभ्यात, आधीचं मेथॅक्रिलेट कवचात. कधी दोघं अर्धे-अर्धे शेजारी बसतात. तीन द्रव एकत्र आले की कोण कोणाला वेढणार हे त्यांच्या सीमांवरच्या ताणांवरून सांगता येतं, हे टोर्झा आणि मेसन यांनी १९७० मध्ये तेलाच्या थेंबांवर दाखवलं होतं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या डोनाल्ड सन्डबर्ग यांच्या गटाने तोच विचार पॉलिमरच्या कणांपर्यंत नेला. कोणती रचना सर्वांत स्वस्त पडते, म्हणजे कोणत्या रचनेत सीमांची एकूण ऊर्जा सर्वांत कमी, एवढाच प्रश्न. साबण बदला, उत्तर बदलतं. इनिशिएटर बदला, तरी बदलतं. परसल्फेटमुळे साखळीच्या टोकाला भार येतो आणि तेवढ्याने स्टायरीनची साखळी पाण्याशी जरा सलोख्याने वागू लागते.

पण कमी ऊर्जेची रचना म्हणजे मिळणारी रचना नव्हे. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होतं, मेथॅक्रिलेट १०५ च्या. रिॲक्टर ७० वर चालला असेल, तर दोघंही कोरडे असताना काचेसारखे कडक. साखळीला उलटायची कितीही इच्छा असली तरी हलायला जागा नाही. मोनोमर मात्र दोघांनाही विरघळवतो, मऊ करतो. म्हणून सगळं स्टायरीन एकदम ओतलं तर कण मऊ पडतो, साखळ्या हिंडतात आणि त्यांना हवी ती रचना गाठतात. तेच स्टायरीन चार तासांत थेंब थेंब सोडलं, आल्याआल्या संपेल असं सोडलं, तर आतला भाग कडकच राहतो आणि नवी साखळी जिथे जन्मली तिथेच जवळपास अडकते. धंद्यात याला उपाशी फीड म्हणतात. म्हणजे पंपाचा वेग बदलून तुम्ही कणाची रचना बदलता. निसर्गाला जे हवं आहे ते होऊ द्यायचं की मध्येच गोठवायचं, एवढा एकच निर्णय घडवणाऱ्याच्या हाती असतो. बाकी सगळं त्याच्या अंमलबजावणीचं तपशीलवार कामकाज.

मधल्या अवस्थेत गोठलेल्या कणांचे आकार पाहिले की माणूस चकित होतो. कोबे विद्यापीठातल्या मासायोशी ओकुबो यांनी आयुष्यभर अशा आकारांचा जणू संग्रहच केला: रासबेरीसारखे फुगवटे असलेले, खड्डे पडलेले, एका बाजूने चपटे. यातले काही पुढे उपयोगी ठरले, बरेच नुसते देखणे राहिले. देखणेपणावर मी आक्षेप घेणार नाही, पण देखण्या कणाचा निबंध आणि उपयोगी कणाचा निबंध यांतला फरक वाचकाने ओळखायला शिकावं, अशी अपेक्षा आहे.

उपयोगाचं सर्वांत साधं उदाहरण पीव्हीसीच्या खिडक्यांचं. पीव्हीसी कडक, पण ठिसूळ. त्यात ब्यूटाइल ॲक्रिलेटच्या रबरी गाभ्याचे आणि मेथॅक्रिलेटच्या कवचाचे कण मिसळतात. गाभा कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतो आणि तडा जाऊ लागला की त्याची ऊर्जा गिळतो. कवचाचं काम दोन प्रकारचं: पीव्हीसीत मिसळून जायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुकवताना रबरी गाभे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, म्हणजे कारखान्यातून सुटी पावडर बाहेर पडते. नुसत्या रबरी कणांचा सुकल्यावर एकच गोळा झाला असता.

अकार्बनी बाजूची परंपरा वेगळी आणि जुनी. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या माणकासारख्या लाल द्रवांविषयी व्याख्यान दिलं आणि तो रंग सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांचा आहे असा निष्कर्ष काढला. १९५० मध्ये लामेर आणि डायनेगर यांनी गंधकाच्या कणांवरून एक नियम सुचवला: कण एकसारखे हवे असतील तर सगळ्यांचा जन्म एका झटक्यात उरकायचा आणि मग फक्त वाढ होऊ द्यायची. ज्यांचा जन्म रेंगाळतो त्यांचे आकारही विस्कळीत. १९६८ मध्ये स्टोबर, फिंक आणि बॉन यांनी अल्कोहोल, पाणी, अमोनिया आणि सिलिकॉनचं एक एस्टर एवढ्यावर ५० नॅनोमीटरपासून २ मायक्रॉनपर्यंतचे सिलिकाचे नितळ गोळे बनवले. इतकी भरवशाची कृती रसायनशास्त्रात क्वचित सापडते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमते. सोन्याच्या कणांवर गंधकाच्या टोकाचे रेणू बसवून ते वाळवता येतील आणि पुन्हा विरघळवता येतील असे करणारी ब्रस्ट आणि शिफ्रिन यांची पद्धत १९९४ ची. क्वांटम डॉटची कथा आता नोबेल पारितोषिकामुळे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर इथे वेळ घालवत नाही; एवढंच सांगतो, की कॅडमियम सेलेनाइडचा गाभा झिंक सल्फाइडच्या पातळ कवचात बंद केल्यावरच तो खणखणीत उजळू लागला. तिथेही कवचच कामी आलं.

या दोन परंपरा एकत्र आणायच्या म्हणजे संकरित कण. अडचण सरळ आहे. सिलिकाच्या पृष्ठभागाला पाणी प्रिय, पॉलिमरला नकोसं. सिलिकाचे गोळे पाण्यात ठेवून भोवती स्टायरीन पॉलिमर केलं, तर बहुधा सिलिकाचे कण वेगळे आणि पॉलिस्टायरीनचे वेगळे, असं लेटेक्स मिळतं. वाळवून पाहिलं की पांढरी पावडर दिसते आणि मिश्रणालाच कुणी संकर समजून बसतो. दोघांना बांधायला मध्यस्थ लागतो. मेथॅक्रिलेटचं एक टोक आणि सिलेनचं दुसरं टोक असलेला एक रेणू सर्रास वापरतात. त्याचं पूर्ण नाव कुणी घेत नाही, प्रयोगशाळेत सगळे एमपीएस म्हणतात. सिलेनचं टोक सिलिकाला पक्कं धरतं, मेथॅक्रिलेटचं टोक पॉलिमरच्या साखळीत विणलं जातं.

फ्रान्समध्ये ल्योंच्या एलोडी बूर्जा-लामी आणि बोर्दोचे सर्ज राव्हेन व एतिएन ड्युगे यांनी या मध्यस्थाचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवून पाहिलं. पॉलिस्टायरीन सिलिकाला पूर्ण वेढू शकलं नाही. तिच्या पृष्ठभागावर सुट्या गाठींनी वाढू लागलं. गाठी वाढता वाढता एकमेकींना ढकलू लागल्या. सिलिकाचा गोळा आणि गाठी यांच्या आकारांचं गुणोत्तर जुळलं, की चार गाठी चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर, सहा अष्टफलकाच्या, बारा विंशतिफलकाच्या. कार्बनच्या अणूला चार हात असतात तसे चार हात असलेले कण, आणि तेही कुणी एकेक हात जोडायला न बसता. पुढे पॉलिस्टायरीन विरघळवून काढलं की सिलिकावर नेमक्या तेवढ्याच खुणा उरतात. या प्रयोगांचा बाजारात अजून मोठा उपयोग नाही आणि तरीही एक संपूर्ण प्रकरण मी त्यांना दिलं आहे. भूमितीला एवढं काम फुकट करताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दुसरा मार्ग विजेच्या भाराचा. शेफील्डचे स्टीव्ह आर्म्स यांच्या गटाने धन भार असलेला इनिशिएटर वापरला. सिलिकावर पाण्यात ऋण भार असतो. इनिशिएटर स्वतःच जाऊन तिला चिकटतो आणि पॉलिमर तिथूनच वाढू लागतं. साबणाची गरजही उरत नाही, कारण सिलिकाचे बारीक कणच पॉलिमरभोवती बसून त्याला सांभाळतात. जर्मनीच्या बीएएसएफने ॲक्रिलिक आणि नॅनोसिलिका यांचा असा एक संकरित बाइंडर बाहेरच्या भिंतींच्या रंगांसाठी काढला. पॉलिमर मऊ असतं म्हणून फिल्म होते, सिलिकामुळे फिल्म चिकट राहत नाही आणि धूळ कमी धरते. नेदरलँड्सच्या डीएसएमने याच कुळातला कण वेगळ्याच कामाला लावला: पॉलिमरचा गाभा, सिलिकाचं कवच, आणि तो लेप सौर पॅनेलच्या काचेवर. काच कडक करायला भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवतात तेव्हा पॉलिमर जळून जातं आणि पोकळ सिलिका उरते. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकतो. तो फेकला जाऊ नये म्हणून १.२३ च्या जवळपास अपवर्तनांक असलेला थर लागतो आणि भरीव सिलिकाचा १.४६ भरतो. फरक हवेने भरून काढायचा. पेंटमधली हवा प्रकाश परत फेकायला, इथली हवा तो आत सोडायला.

संकरित कणांच्या इतिहासातलं सर्वांत नाट्यमय पर्व नॉर्वेतलं आहे. साबणाच्या पद्धतीने १ मायक्रॉनपर्यंतचे एकसारखे गोळे मिळतात. त्यापुढे सगळं बिघडतं. स्टायरीन पाण्यापेक्षा हलकं, पॉलिस्टायरीन जड. मोनोमरने फुगलेला मोठा कण आधी वर तरंगतो, पॉलिमर झाल्यावर तळाशी बसतो. जोरात ढवळलं तर कण एकमेकांना चिकटतात. लीहाय विद्यापीठातले जॉन व्हँडरहॉफ यांनी उपाय काढला, की जिथे वर-खाली नाहीच तिथे जायचं. नासाच्या स्पेस शटलवर १९८२ पासून एक छोटा रिॲक्टर पाठवला गेला, १० मायक्रॉनचे अप्रतिम गोळे तयार झाले आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ते मोजमापाचा नमुना म्हणून विकायला काढले. अंतराळात बनून पृथ्वीवर विकला गेलेला तो पहिला माल.

तोवर नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये जॉन उगेलस्टाड यांनी तेच जमिनीवर करून दाखवलेलं होतं. साधा पॉलिमरचा कण आपल्या आकारमानाच्या काही पटच मोनोमर शोषतो. उगेलस्टाडनी आधी त्यात पाण्यात जवळजवळ न विरघळणारा एक छोटा रेणू शिरवला. मग तोच कण हजार पटीपर्यंत मोनोमर पिऊ लागला. कण आधी पूर्ण फुगवायचा, मग पॉलिमर करायचं. पुढे त्यांनी गोळे सच्छिद्र केले आणि छिद्रांच्या भिंतींवर नायट्रो गट ठेवले. बाहेरून लोहक्षार सोडला की हे गट त्याचं ऑक्सिडीकरण करतात आणि लोह ऑक्साइडचे नॅनोमीटरचे दाणे गोळ्याच्या आतच, सर्वत्र सारख्या प्रमाणात, जन्मतात. दाणे इतके बारीक, की चुंबक जवळ आणला तर गोळे ओढले जातात आणि काढला तर चुंबकत्व राहत नाही, म्हणून ते एकमेकांना चिकटूनही बसत नाहीत. वरून प्रतिपिंडं बसवली. १९८४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी कळवलं, की न्यूरोब्लास्टोमा झालेल्या मुलांच्या अस्थिमज्जेतून कर्करोगाच्या पेशी या गोळ्यांनी वेचून काढता आल्या. हे गोळे आज डायनाबीड्स या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. गुरुत्वाकर्षण टाळण्यासाठी अवकाशात जाणाऱ्याचं मी कौतुकच करतो, पण माझं मत विचाराल तर उगेलस्टाड.

आपल्याकडचं बोलायचं तर पुण्याचं नाव घ्यावं लागेल. २००४ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याच्या क्षारात गवती चहाचा अर्क घालून सोन्याचे पातळ त्रिकोण मिळवले. ते काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये आलं आणि जगभर गाजलं. गवती चहाचं नाव ऐकून बरेच जण हा घरगुती उपाय समजतात. त्यातलं खरं मर्म वेगळं: अर्कातले काही रेणू नवजात गोल कणांना चिकटतात, त्यांना द्रवासारखे वागू देतात आणि ते एकमेकांत मिसळून त्रिकोण होतात. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गाभा-कवच कणांवर वर्षानुवर्षं काम केलं. २००६ मध्ये त्यांच्या गटाने 'करंट सायन्स'मध्ये लिहिलेला आढावा मी अजूनही नव्या माणसाच्या हाती आधी देतो.

एक सावधगिरीची सूचना. निबंधात कणांचं जे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र छापलेलं असतं, त्यात वीस-पंचवीस कण असतात. भांड्यात किती होते हे वर सांगितलंच आहे. चित्र खोटं नसतं, पण ते निवडलेलं असतं. रुथेनियम टेट्रॉक्साइडची वाफ दिली की पॉलिस्टायरीन काळं दिसतं आणि मेथॅक्रिलेट उजळ राहतं, म्हणून गाभा कुठला आणि कवच कुठलं ते कळतं. पण अर्धगोल कणाकडे योग्य कोनातून पाहिलं तर तोही गाभा-कवच वाटतो. प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण ५० नॅनोमीटरच्या चौसष्ट कणांएवढं बोलतो. दोन-चार मोठ्या गाठी असल्या तरी त्या सगळ्यांच्या वतीने उत्तर देतात. संकर खरोखर झाला का हे पाहायचं, तर सेंट्रिफ्यूज करून मोकळी सिलिका वेगळी काढा, उरलेलं जाळून राख तोला, आणि वापरलेल्या सिलिकाशी ताळा करा. कंटाळवाणं काम आहे. ज्या निबंधात ते केलेलं नसेल तो मी बाजूला ठेवतो.

हे कण शेवटी जातात कुठे, हा प्रश्न आता टाळता येत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. वापरताना वितळून, जुळून फिल्म होणारं आणि कायमचं एखाद्या घन पदार्थात अडकणारं पॉलिमर विक्रीबंदीतून वगळलं, म्हणून पेंट सुटला. त्याविषयी माहिती देण्याची जबाबदारी मात्र उत्पादकावर आली. प्रसाधनांतल्या, धुऊन पाण्यात जाणाऱ्या कणांना अशी सूट नाही, फक्त ठरावीक मुदत आहे. या नियमांमुळे कणाच्या रचनेचा विचारच बदलेल असं मला वाटतं. आजवर कवच टिकावं म्हणून धडपड होती. यापुढे काम झाल्यावर ते मोडावं म्हणूनही करावी लागेल.

पुस्तकाची मांडणी सोपीच आहे. पहिली चार प्रकरणं एकजिनसी कणांची, पुढची पाच रचनेची आणि संकराची, शेवटची तीन मोजमापाची आणि कारखान्याची. गणित टाळलेलं नाही, पण ते ओलांडून पुढे गेलं तरी धागा सुटू नये अशी काळजी घेतली आहे. औषधवाहक कणांना मी मुद्दाम थोडीच पानं दिली. त्यांच्यावर ढीगभर लिहिलं गेलंय, आणि रुग्णापर्यंत पोचलेले त्या मानाने मोजके.

कारखान्याच्या प्रकरणांविषयी मात्र दोन शब्द जास्त. एक किलो स्टायरीन पॉलिमर होताना जी उष्णता सुटते तिच्यावर दोन लिटर पाणी उकळेल. एक लिटरच्या काचेच्या भांड्यात ही उष्णता बाहेरच्या बाहेर निघून जाते. वीस हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये आकारमान वीस हजार पट झालं तरी जॅकेटचा पृष्ठभाग सातशे-साडेसातशे पटच वाढतो. म्हणून मोनोमर किती वेगाने सोडायचा हे रसायनशास्त्राआधी थंड पाणी ठरवतं. कोकणातल्या एखाद्या वसाहतीत मे महिन्यात हवा दमट असते, कूलिंग टॉवरचं पाणी हवं तेवढं गार होत नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर तापमान चढताना पाहून फीड मंद करतो. तीन तासांचं काम पाच तासांवर जातं. त्याने बॅच वाचवली, आणि त्याच वेळी नकळत उपाशी फीड आणखी उपाशी करून कणाची रचनाही बदलली. जानेवारीचा माल आणि मेचा माल, फॉर्म्युला एक, मिळालेली फिल्म वेगळी. आणि प्रयोगशाळा महिनाभर कच्च्या मालात खोट शोधत बसते. दहावं प्रकरण त्या ऑपरेटरच्या लॉगबुकातल्या तापमानाच्या आणि फीडच्या नोंदी कशा वाचायच्या, यावर आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी ते आधी वाचलं तरी चालेल.